धबधब्यावर शिट्टी कोणी वाजवायची?

तुमच्याही ग्रुपवर आला असेल तो मेसेज. ‘रविवारी धबधबा. कोण कोण?’ खाली सात-आठ अंगठे, दोन ‘मी पक्का’ आणि एक ‘घरी काय सांगू?’ पावसाळ्यात महाराष्ट्रातल्या प्रत्येक कॉलेजच्या प्रत्येक ग्रुपवर हा मेसेज फिरतो. कुठे भुशी, कुठे ताम्हिणी, कुठे आंबोली. आमच्या गोंदियात तो हाजरा फॉलचा असतो.

आमचा प्लॅन दोन दिवसांचा होता. शनिवारी नवेगावबांधच्या तलावात बोट, रविवारी हाजरा फॉलपर्यंत चालत जायचं. चौघं जण, दोन सॅक, एक पॉवर बँक. तुम्ही म्हणाल, यात बातमी काय? सहल म्हणून लिहायचं असतं तर दोन फोटो आणि चार ओळींत काम झालं असतं. पण त्या दोन दिवसांत एक प्रश्न डोक्यात बसला तो बसलाच. पाण्याजवळ जायचं की नाही, किती जवळ जायचं आणि केव्हा परत फिरायचं, हे ठरवायचं कोणी? जिल्हाधिकाऱ्यांनी? गावाने? की आपणच?

प्रश्न साधा वाटतो. पण २०२४ आणि २०२५ या दोन वर्षांतल्या बातम्या एकापुढे एक ठेवा, मग बघा.

एक यादी, जी वाढतच जाते

१८ जानेवारी २०२४. वडोदऱ्याच्या हरणी तलावात शाळेच्या सहलीची बोट उलटली. १२ मुलं आणि २ शिक्षिका गेल्या. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त मुलं होती आणि बहुतेकांच्या अंगावर लाइफ जॅकेट नव्हतं. पाचच दिवसांनी, २३ जानेवारीला, आपल्या शेजारच्या गडचिरोलीत गणपूरजवळ वैनगंगेत नाव उलटली. त्या सहलीला निघालेल्या नव्हत्या. मिरची तोडायला पलीकडे, चंद्रपूर जिल्ह्यात चाललेल्या मजूर बायका होत्या. सहा जणी गेल्या.

३० जून २०२४. लोणावळ्यात भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. ते एकमेकांना धरून प्रवाहाच्या मधोमध उभे होते, तो व्हिडिओ तुम्हीही पाहिला असेल. त्याच जुलैत रायगडमधल्या कुंभे धबधब्याजवळ रील करताना एक तरुणी खोल दरीत कोसळली. आणि १५ जून २०२५ ला तळेगावजवळ कुंडमळ्यात इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल पर्यटकांच्या गर्दीने कोसळला. चार जणांचा जीव गेला.

या सगळ्या बातम्या वेगवेगळ्या वाटतात. तलाव, नदी, धबधबा, पूल. पण नीट बघितलं तर सगळ्यांत एक गोष्ट सारखी आहे. प्रत्येक ठिकाणी एक क्षण असा होता, जेव्हा कोणीतरी ‘बस, आता नाही’ म्हणायला हवं होतं. बोटीत अमुक इतक्यांनंतर एकही नाही. या दगडाच्या पुढे नाही. या पुलावर आता आणखी कोणी नाही. ते म्हणणारं माणूस एकतर तिथे नव्हतं, नाहीतर त्याचं कोणी ऐकलं नाही.

देशपातळीवरचा आकडाही ऐकून ठेवा. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या नोंदीप्रमाणे २०२२ या एका वर्षात भारतात बुडून ३८ हजारांच्या आसपास माणसं गेली. म्हणजे रोज शंभरावर. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ मध्ये जगभरात बुडून सुमारे तीन लाख मृत्यू झाले. यात धबधब्यावर मजा करायला गेलेले थोडे. विहिरीवर, तळ्यावर, नदीच्या उतारावर रोजच्या कामाला गेलेले जास्त. पण चर्चा होते ती धबधब्याची, कारण तिथे व्हिडिओ असतो.

बंदीचा आदेश आणि त्याच्या पलीकडे

अपघात झाला की पुढे काय होतं, हे तुम्हाला पाठ झालं असेल. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिल्हा प्रशासनाचा आदेश निघतो. धरण, धबधबा, नदीकाठ, अमुक मीटर परिसरात जायला मनाई. पूर्वी हा आदेश फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १४४ खाली निघायचा. १ जुलै २०२४ पासून नवे कायदे आले, तेव्हापासून तो भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली निघतो. मोडला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २२३ खाली गुन्हा दाखल होऊ शकतो.

हा आदेश चुकीचा आहे का? नाही. रेड अलर्टच्या दिवशी धबधबा बंदच असला पाहिजे. त्यात वाद घालायचं कारण नाही. प्रश्न आहे तो सरसकट, अख्ख्या पावसाळ्याच्या बंदीचा.

विचार करा. तुम्हाला कळलं की नेहमीचा धबधबा बंद आहे. तुम्ही घरी बसता का? खरं सांगा. नाही बसत. कोणीतरी म्हणतं, ‘अरे, पलीकडे एक आहे, तिथे कोणी नसतं.’ आणि तुम्ही त्या ‘कोणी नसतं’वाल्या ठिकाणी जाता. तिथे रेलिंग नाही, फलक नाही, मोबाइलला रेंज नाही, कुठला दगड निसरडा हे सांगणारा माणूस नाही. म्हणजे बंदीमुळे गर्दी संपत नाही, ती जागा बदलते. आणि बदललेली जागा बहुतेक वेळा आधीपेक्षा धोक्याची असते.

बंदीचा दुसरा फटका बसतो गावाला. चहाची टपरी, भुट्टे भाजणारी मावशी, पार्किंगला उभा असलेला मुलगा, तिकीट फाडणारी समिती. त्यांचा हंगाम दोन-तीन महिन्यांचा. तो गेला की वर्ष गेलं.

हे मला हाजराला गेल्यावर जास्त कळलं.

रूळ, पायवाट आणि धबधबा

हाजरा फॉल आहे सालेकसा तालुक्यात, दरेकसा स्टेशनजवळ. मुंबई-हावडा मार्गावर गोंदियाहून डोंगरगडकडे निघालात की गुदमा, आमगाव, धानोली, सालेकसा आणि मग दरेकसा. पुढचं स्टेशन छत्तीसगडमधलं. डोंगर, जंगल आणि जवळच रेल्वेचा इंग्रजांच्या काळातला बोगदा. याच भागात कचारगडच्या गुहा आहेत, जिथे माघ पौर्णिमेला देशभरातून गोंड समाजाचे लोक जमतात. एकेकाळी सालेकसा-दरेकसा हे नाव पेपरात यायचं ते नक्षलवादाच्या बातमीत. आज ते इन्स्टाग्रामच्या लोकेशनमध्ये येतं. हा बदल छोटा नाही.

स्टेशनवर उतरलं की पहिला मोह होतो तो रुळांचा. सरळ, सपाट, चिखल नाही, वर फोटो भारी येतो. आमच्यातल्या एकाने पाऊल टाकलंसुद्धा. स्टेशनबाहेर बसलेल्या एका आजोबांनी हाक मारली, ‘रुळावरून नका जाऊ बाबू, वळणावर गाडी दिसत नाही.’ आम्ही गुपचूप खाली उतरलो. पाचच मिनिटांत मालगाडी आली. लांबलचक. ती जाईपर्यंत आमच्यातलं कोणीच काही बोललं नाही.

रुळावरून चालणं हा रेल्वे कायदा १९८९ च्या कलम १४७ खाली गुन्हा आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पण खरा मुद्दा दंडाचा नाही. गोव्याचा दूधसागर आठवा. ३१० मीटर उंचीचा, तोही रेल्वेमार्गाला खेटून. जुलै २०२३ मध्ये रुळांवरून चालत तिकडे निघालेल्या ट्रेकर्सना उठाबशा काढायला लावल्याचा व्हिडिओ सगळीकडे फिरला होता. लोक हसले. पण रुळांवरून इतके लोक का चालतात, हा प्रश्न कोणी फारसा विचारला नाही. उत्तर सोपं आहे. दुसरी वाट लांबची असते, खराब असते किंवा माहीत नसते. चांगली पायवाट आणि एक ठळक फलक, एवढ्याने जे काम होतं ते दहा दंडांनी होत नाही.

हाजराला प्रवेशद्वारावर तिकीट घ्यावं लागतं. वनविभागाबरोबर नवाटोला गावाची संयुक्त वन व्यवस्थापन समिती हे ठिकाण सांभाळते. ‘संयुक्त वन व्यवस्थापन’ हा परीक्षेत पाच मार्कांना येणारा शब्द वाटतो ना? केंद्राने १९९० मध्ये परिपत्रक काढलं तेव्हापासून ही कल्पना चालत आली आहे. जंगल सरकारचं, पण राखायचं गावाने आणि त्यातून आलेला वाटा गावाचा. कागदावर रुक्ष वाटणारी ही गोष्ट इथे प्रत्यक्ष उभी दिसते. तिकीट देणारा, गाड्या लावून घेणारा, कचरा उचलणारा, ‘तिकडे जाऊ नका’ म्हणणारा, सगळे जवळपासच्या गावांतले. बरेचसे आपल्याच वयाचे.

पाण्याजवळ असाच एक जण उभा होता. गळ्यात शिट्टी. कोणी ठरलेल्या जागेच्या पुढे सरकलं की शिट्टी वाजायची. एक ग्रुप वैतागला. ‘पैसे दिलेत ना आम्ही?’ असं काहीतरी म्हणाला. तो मुलगा हसला आणि पुन्हा शिट्टी वाजवली. नंतर आम्ही त्याच्याशी बोललो, तेव्हा त्याने जे सांगितलं ते कुठल्याही फलकावर लिहिलेलं नव्हतं. इथे ऊन असतं, पण मागच्या डोंगरावर पाऊस पडतो, आणि पाणी आधी रंग बदलतं. पांढरं पाणी मातकट झालं, त्यात पालापाचोळा, काड्या येऊ लागल्या की समजायचं, मागून येतंय. मग वस्तू गोळा करत बसायचं नाही. निघायचं.

ही माहिती त्याला कोणत्या ट्रेनिंगमध्ये मिळाली नाही. तो तिथे वाढला, म्हणून मिळाली.

पाण्याचं थोडं विज्ञान

त्याचं म्हणणं विज्ञानाच्या भाषेत समजून घेऊ, कारण आपण बऱ्याचदा ‘मला पोहता येतं’ या भरवशावर असतो.

वाहत्या पाण्याचा धक्का वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो. म्हणजे वेग दुप्पट झाला की धक्का चौपट. एक घनमीटर पाण्याचं वजन एक हजार किलो. वेगवान प्रवाह असेल तर जेमतेम १५ सेंटिमीटर, म्हणजे घोट्याच्या थोडं वर आलेलं पाणीही धडधाकट माणसाला पाडू शकतं. ‘गुडघाभरच तर आहे’ हे वाक्य म्हणून फसवं आहे.

दुसरं, धबधब्याच्या पायथ्याचा डोह. वरून पडणारं पाणी खाली जातं, थोडं पुढे जाऊन वर येतं आणि वरचा थर पुन्हा धबधब्याकडेच वळतो. माणूस त्या चक्रात सापडला की किनारा चार हातांवर असूनही तो आत ओढला जातो. शिवाय तिथलं पाणी फेसाळ असतं. फेस म्हणजे हवा. हवा मिसळलेल्या पाण्याची घनता कमी, त्यामुळे त्यात शरीर नेहमीसारखं तरंगत नाही. स्विमिंग टँकमधला चॅम्पियनही इथे नवशिकाच.

तिसरं, साखळी. एक घसरतो, त्याला धरायला दुसरा जातो, दुसऱ्याला धरायला तिसरा. एकाच ग्रुपमधले दोघं-तिघं एकत्र बुडाल्याच्या बातम्या आपण वाचतो, त्यामागे बऱ्याचदा हीच साखळी असते. मैत्रीतच जीव जातो, म्हणून हे कळून घेणं गरजेचं. बुडणाऱ्याकडे उडी मारून जायचं नाही. काठी, दोरी, ओढणी पुढे करायची. झाकण लावलेला रिकामा प्लास्टिकचा कॅन फेकायचा. आणि त्याच वेळी एकाने ११२ ला फोन लावायचा.

दोन बोटी, दोन न्याय

आता शनिवारकडे येते. नवेगावबांध. अर्जुनी मोरगाव तालुक्यातला हा तलाव अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी बांधला, असं सांगितलं जातं. भोवती सात बहिणींचे डोंगर. १९७५ मध्ये इथे राष्ट्रीय उद्यान झालं आणि डिसेंबर २०१३ मध्ये नागझिऱ्यासह हा भाग नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पात आला. मारुती चितमपल्ली वनाधिकारी म्हणून इथे राहिले, इथल्या पक्ष्यांवर, पाण्यावर, माणसांवर त्यांनी लिहिलं. जून २०२५ मध्ये ते गेले. तलावावर उभं राहिलं की त्यांची आठवण होणारच.

आपला जिल्हा तलावांचा. आणि तलाव म्हटलं की ढीवर समाज आणि त्यांचा डोंगा आलाच. पिढ्यानपिढ्या पाण्यावर जगलेली ही माणसं. वारा कुठून आला की काठ धरायचा, कुठे गाळ आहे, कुठे बुडालेली झाडं आहेत, हे त्यांना डोळे मिटून सांगता येतं. जलपर्यटनाचे मोठे आराखडे होतात तेव्हा स्पीड बोट, जेट स्की, तरंगते रिसॉर्ट असे शब्द येतात. वैनगंगेवर गोसीखुर्द जलाशयात असा प्रकल्प ठरला आहे. २०१६ च्या कायद्याने देशात १११ राष्ट्रीय जलमार्ग जाहीर झाले, त्या यादीत वैनगंगा-प्राणहिताही आहे. चांगलंच आहे. पण त्या आराखड्यात डोंग्यावरच्या माणसाची जागा कोणती, हे तुम्ही-आम्ही विचारलं पाहिजे. तो बोट चालवणारा असेल, की फक्त काठावरून बघणारा?

आणि सुरक्षेचं काय? मागे जिल्ह्यातल्याच एका तलावावर, नाव लिहीत नाही, आम्ही अकरा जण एका बोटीत बसलो होतो. जॅकेटं चार. त्यातल्या एकाचा पट्टा तुटलेला. ‘काही होत नाही’ म्हणून बोट निघालीसुद्धा. आम्हीही काही बोललो नाही, कारण पैसे दिले होते आणि मागे रांग होती. हरणीची बातमी वाचताना मला ती बोट आठवली. तेव्हा गप्प बसल्याची लाज वाटली.

कायदा नाही असं नाही. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २०१७ मध्ये बोट सुरक्षेची मार्गदर्शक तत्त्वं काढली. २०२१ मध्ये नवा अंतर्देशीय जलयान कायदा आला, १९१७ चा जुना कायदा गेला. इंजिनाच्या बोटीला नोंदणी, तपासणी, विमा, चालवणाऱ्याला प्रमाणपत्र. आणि हाताने वल्हवायच्या नावांचीही स्थानिक पातळीवर नोंद व्हावी, अशी तरतूद आहे. म्हणजे कागद पुरेसा आहे. त्या कागदाला काठावर उभं राहून बघणारे डोळे हवेत.

इथेच गणपूरची नाव पुन्हा आठवते. सहलीच्या बोटीत जॅकेट नसलं तर आपण व्हिडिओ काढू, ओरडू, तक्रार करू. पण पहाटे मिरची तोडायला, धानाच्या रोवणीला नदी ओलांडणाऱ्या बायकांच्या नावेत जॅकेट आहे का, हे कोण बघतं? पर्यटकाच्या जीवाला एक नियम आणि मजुराच्या जीवाला नशीब, असं चालणार नाही. जलपर्यटनासाठी जो पैसा येईल, त्यातून आधी त्या काठांवर जॅकेटं गेली पाहिजेत. ही मागणी आपल्या वयाच्या लोकांनी केली नाही तर कोण करणार?

मग शिट्टी कोणाच्या हातात?

बोटीने जायचं आणि उतरून चालायचं, याचं महाराष्ट्रातलं सगळ्यात ओळखीचं उदाहरण साताऱ्याकडे आहे. बामणोलीहून शिवसागर जलाशयातून बोटीने जायचं आणि उतरून वासोट्याचा किल्ला चढायचा. बोटी चालवतात त्या स्थानिकांच्या बोट क्लबच्या. कोयना धरणाने या खोऱ्यातली गावंच्या गावं उठली. आता त्याच पाण्यावर तिथली माणसं रोजगार मिळवतात. जंगलात शिरायला वनविभागाची परवानगी लागते, संध्याकाळच्या आत परतावं लागतं आणि पावसाळ्यात तो ट्रेक बंद असतो. नियम कडक आहेत, पण ठरलेले आहेत. अपघातानंतर घाईत काढलेले नाहीत. म्हणून लोक पाळतात.

आपल्याकडे गोष्ट उलटी आहे. पावसाळ्यात व्याघ्र प्रकल्पातली जंगल सफारी बंद असते आणि धबधब्याचा हंगाम नेमका तेव्हाच सुरू होतो. म्हणजे जिप्सीवाल्यांचं, गाइडचं काम थांबतं तेव्हा धबधबा त्याच जिल्ह्यातल्या दुसऱ्या गावांना काम देतो. असा धबधबा चार महिने बंद ठेवणं हे उत्तर नाही. आणि दिवसभर, कसाही पाऊस असो, उघडा ठेवणं हेही नाही.

माझ्या मते खरी अडचण इथे आहे. जिथे गाव तिकिटावर धबधबा चालवतं, तिथे बंद ठेवायचा दिवस म्हणजे कमाई बुडालेला दिवस. आणि जास्त पावसाचा रविवार हाच सगळ्यात गर्दीचा दिवस. आता सांगा, ज्याची रोजी त्या गर्दीवर आहे, त्यानेच ‘आज बंद’ म्हणायचं का? कदाचित म्हणेलही. पण आपण त्याला कठीण जागी उभं करतो. हे कोणत्या एका गावाबद्दल नाही. कुठल्याही धबधब्यावर, कुठल्याही तलावावर हेच गणित आहे. शिट्टी वाजवणाऱ्याचं पोट शिट्टी न वाजवण्यावर अवलंबून असू नये.

यावर उपाय फार अवघड नाहीत. पहिला, बंदचा निर्णय कमाईपासून वेगळा करा. हवामान खात्याचा रेड अलर्ट आला की धबधबा आपोआप बंद, कोणी विचारायचं नाही. दुसरा, त्या दिवसांची जीवरक्षकांची मजुरी शासनाने द्यावी. भरतीचा समुद्र बघून किनारा बंद केला म्हणून जीवरक्षकाचा पगार कोणी कापत नाही, मग धबधब्यावर वेगळा न्याय का? तिसरा, शिट्टीवाल्या मुलांना दोरी, फेकायची पिशवी, प्रथमोपचार आणि सीपीआरचं रीतसर प्रशिक्षण द्या. त्यांना पाणी कळतंच, हातात साधनं द्या. चौथा, डोंगरमाथ्यावरच्या गावातल्या एकाचा नंबर खालच्या मुलांकडे असू द्या. वर पाऊस सुरू झाला की एक फोन. याला कुठलंही सॅटेलाइट लागत नाही.

आता कोणी म्हणेल, एवढं सगळं कशाला? पोरांनीच जबाबदारीने वागावं. बरोबर आहे, वागावंच. पण वीस वर्षांची मुलं पाण्याजवळ वेडी होतात, ही आजची गोष्ट नाही. रील नव्हते तेव्हाही डोहात उड्या होत्याच. व्यवस्था बनवायची असते ती माणसाच्या चुका धरून. सगळे शहाणे असते तर रेल्वे फाटकही लागलं नसतं.

आणि तुम्ही?

व्यवस्थेवर लिहून झालं की आपली बाजूही लिहावी लागते.

पुढच्या रविवारी निघताना एवढं करा. आदल्या रात्री हवामान खात्याचा इशारा बघा. वीज पडण्याची सूचना देणारं ‘दामिनी’ ॲप पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने बनवलंय, आपल्या विदर्भात ते फोनमध्ये असायलाच हवं. घरी खरं ठिकाण सांगा, ‘मैत्रिणीकडे अभ्यास’ नको. शोधणाऱ्याला जागा माहीत असेल तरच तो वेळेत पोचतो. बोटीत जॅकेट नसेल तर बसू नका आणि का बसत नाही ते मोठ्याने सांगा. तुमच्यामागे रांगेत उभे असलेलेही मग विचार करतात. रुळांवरून चालू नका. पिऊन पाण्यात उतरू नका. आणि शिट्टी वाजली की मागे या, वाद नंतर.

याच्या पुढेही जाता येतं. तुम्ही एनएसएस किंवा एनसीसीत असाल तर ‘युवा आपदा मित्र’ योजनेबद्दल आपल्या कार्यक्रम अधिकाऱ्यांना विचारा. आपत्तीत पहिली मदत कशी करायची, हे त्यात शिकवतात. कॉलेजच्या शिबिरात दरवर्षी आपण गावातला रस्ता झाडतो. एक वर्ष धबधब्यावरच्या मुलांबरोबर सीपीआर शिकून बघू. सर्टिफिकेटपेक्षा जास्त काही हाती लागेल.

परतीच्या गाडीला उशीर होता. दरेकसाच्या प्लॅटफॉर्मवर आम्ही भिजलेले बूट उलटे करून बसलो होतो. दिवसभराचे फोटो बघताना लक्षात आलं, चारशेच्या वर फोटो होते, पण शिट्टीवाल्या मुलाचा एकही नव्हता. तो प्रत्येक फ्रेमच्या अगदी कडेला उभा असणार, पाण्याकडे नाही, आपल्याकडे बघत. आम्ही त्याला क्रॉप करून टाकलं होतं.

पुढच्या वेळी गेलात की त्याला एकदा विचारा, आज वर पाऊस आहे का? उत्तर ऐकून मग बूट काढा.